पटलेकाकूंचा छन्ना

रोज सकाळी पटलेकाकू ओलं फडकं घेऊन तुळशीची पानं पुसायच्या. एकेक पान तळहातावर घेऊन, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं. पुसून झालं की फडकं उलगडायचं आणि रस्त्यावर जो कोणी दिसेल त्याला दाखवायचं. मग तो दूधवाला असो, कचरागाडीवाला असो, की शाळेची घाई झालेली मी. "हे पाय जरा. हे आपल्या छातीत जाऊन राहिलं." फडकं काळं झालेलं असायचं. गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात घरांच्या मागच्या अंगाला राइस मिली आहेत. उकडा तांदूळ करायला तिथे धानाचा भुसा जाळतात आणि वारा आमच्याकडे फिरला की त्याची राख गच्चीवर, दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसते. पण काकूंसमोर कोणी मिलवाल्यांना शिव्या द्यायला लागलं की त्या अडवायच्या. पटलेकाका जाईपर्यंत मिलमध्येच कामाला होते. "त्याच मिलनं माझ्या लेकराचं पोट भरलं. शिव्या कायले द्यायच्या? पुसून घ्यायचं."

पुसून घ्यायचं, धुऊन घ्यायचं, हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा इलाज. आम्ही शेजारी राहायला आलो त्याच दिवशी त्या न विचारता आत आल्या, आमच्या कपाटावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. म्हणाल्या, "मास्तरीन आहेस न तू? मंग घर काऊन असं?" सामान अजून टेम्पोतून उतरत होतं! मला असा काही राग आला की पंधरा दिवस मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. सोळाव्या दिवशी त्या वांग्याची भाजी घेऊन आल्या, आणि त्या भाजीपुढे माझा राग काही टिकला नाही.

काकूंचा एकुलता एक मुलगा विनोद पुण्यात नोकरीला. सून शलाका तिथलीच. नात ओवी. ओवीला लहानपणापासून छातीचा त्रास, आणि नेमकी दिवाळी म्हणजे आमच्याकडे धानाची मळणी, मिलींचा भर हंगाम, बांधावर जाळलेली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि वरून फटाके. एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पोरीला अशी धाप लागली की पणत्या तशाच टाकून तिला गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं लागलं. वाफ दिल्यावर पोर शांत झाली. पण शलाकाने तिथल्या तिथे सांगितलं, ओवी आता कुडव्याला येणार नाही.

पुढच्या दिवाळीला खरंच कोणी आलं नाही. काकू फणफणल्या. पुण्यात का अमृत वाहून राहिलं, असं माझ्याकडे, समोरच्या किराणा दुकानात, अगदी मंदिरातही विचारून आल्या. पण त्या दिवशी पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जाताना त्यांनी पाहिल्या होत्या. राग ओसरल्यावर त्यांनी स्वतःच सुनेला फोन लावला आणि पोरगी इथे यावी म्हणून काय करावं लागेल ते विचारलं. शलाका काही गोड बोलणारी नव्हे, पण विचारलेल्याचं नीट उत्तर देणारी. तिने सांगितलं, एक खोली निवडा, तिच्यात हवा साफ करायचं मशीन लावा, आणि घेताना काय काय बघायचं तेही सांगितलं. काकूंनी ते देवाच्या आरतीसारखं पाठ केलं.

खरेदीला मी त्यांना स्कूटीवर गोंदियाच्या बाजारात घेऊन गेले. दुकानदाराने आधी रंगीत दिव्यांचं, सुगंध सोडणारं मशीन पुढे केलं आणि माताजी, ताज़ी हवा की खुशबू आएगी म्हणून सांगायला लागला. काकूंनी ते बाजूला सारलं. "खुशबू नहीं होना. इसका छन्ना दिखाओ." छन्ना म्हणजे गाळणं, आतल्या फिल्टरला त्यांनी हे नाव ठेवलं ते कायमचं. मग त्यांनी एकेक मशीन उघडायला लावलं. आत बारीक घड्यांचा, कागदासारखा दिसणारा तो हेपा फिल्टर आहे का, तो पुढे बदलून मिळेल का, मशीन केवढ्या खोलीचं आहे. खोलीचं माप त्यांनी नायलॉनच्या दोरीला गाठी मारून आणलं होतं. शेवटी भर दुकानात मशीन सगळ्यात जोरात चालवायला लावलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, एवढ्या आवाजात पोरगी झोपेल. दुकानदार घामाघूम झाला होता. मी आपली पंख्याखाली उभी राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मशीन कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला ठेवलं आणि वर टीव्हीवर घालतात तसा क्रोशाचा रुमाल घातला. शलाकाने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि रुमाल काढायला लावला, मशीन भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी आणायला लावलं. खोलीच्या खिडक्या बंद, दार बंद. कोरडा झाडू बंद, ओलं पोतेरं सुरू. काकूंना सगळ्यात जड गेला तो धूप. तिन्हीसांजेला गोवरीवर राळ टाकून घरभर धूर फिरवायचा, हे त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. पहिल्याच दिवशी धूप घेऊन त्या खोलीत शिरल्या तर मशीनचा, हवा साफ असली की निळा राहणारा दिवा लालभडक झाला. त्यांनी धुपाटणं उचलून परसात नेऊन ठेवलं. "देवाले का, कुठूनही वास येते."

मग मात्र त्या मशीनचा त्यांना भारी अभिमान. येईल त्याला त्या खोलीत नेऊन एक उदबत्ती लावायच्या. दिवा लाल व्हायचा. उदबत्ती विझवायच्या आणि पाहुण्याला हलू द्यायच्या नाहीत. हळूहळू दिवा परत निळा झाला की म्हणायच्या, "पायलं? खाल्लं त्यानं." मी हा प्रयोग इतक्यांदा पाहिला की मला त्या उदबत्तीच्या वासाचा वीट आला. विनोद-शलाकाने दिवाळीची तिकिटं काढली होती. काकू त्या खोलीच्या दारावरून जाता-येता उगाच आत डोकावायच्या.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे घर उपसतात. भांडी, डबे, पंख्याची पाती, देव, सगळं अंगणात येतं आणि धुऊन आत जातं. न धुतलेली वस्तू दिवाळीत घरात राहिली तर काकूंना जेवण जात नसे. मंडळी पुण्याहून निघायची त्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेले तर काकूंच्या दोरीवर परकरांच्या शेजारी चिमट्याने अडकवलेली एक पांढुरकी, घड्या विस्कटलेली वस्तू. मी वरूनच विचारलं. काकू कौतुकाने म्हणाल्या, "छन्ना धुतला, वं. सोड्यात भिजवून ब्रश मारला. केवढा काळा निघाला माय!"

 शलाकाने धुवायला सांगितली होती ती फक्त बाहेरची जाळी. काकूंच्या लेखी जाळी धुवायची आणि आतला, सगळी घाण खाणारा छन्ना तसाच ठेवायचा, हे शक्यच नव्हतं. मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, धो दिया तो गया समझो, नया नागपुर से आएगा, दिवाली के बाद.

 तरी काकूंनी छन्ना उन्हात पुरता वाळवून मशीनमध्ये बसवला. बटण दाबल्यावर ते आधीसारखंच घुमायला लागलं, दिवाही निळा लागला. मला वाटलं, निभावलं. काकूंनी उदबत्ती लावली. दिवा लाल झाला. उदबत्ती विझवून त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मीही बसले. दिवा लालच राहिला. बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी लालच.

त्यांनी आधी विनोदला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की आई, शलाकाला यातलं काही कळू देऊ नकोस. सुट्टी मंजूर झाली आहे, बॅगा भरून तयार आहेत, चार दिवसांत काही होत नाही. काकूंनी बरं म्हणून फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या. मग मला म्हणाल्या, शलाकाचा नंबर लावून दे.

"शलाका, मी बोलून राहिली. छन्ना माझ्या हातानं खराब झाला. धुतला मी त्याले. मशीन चालते, पण साफ नाही करत. विनोद म्हणते सांगू नोको, म्हणून मी सांगतो. पोरीले आणू नोको."

पलीकडून शलाका काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. काकू नुसत्या हूं हूं करत होत्या. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला त्यांचाच राग आला. आईने असं तोंडावर 'येऊ नका' म्हणायचं? निदान पोराचं तरी ऐकायचं! मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "तुह्या पोटची पोरगी असती त आणली असती का तू?" मग त्यांनी चकल्यांचा डबा काढला, निम्म्या चकल्या माझ्या पदरात टाकल्या आणि निम्म्या समोरच्या घरी देऊन आल्या. त्या दिवाळीत त्यांच्या दारात एकच पणती होती. मला ते बघवलं नाही. फराळ घेऊन मी त्यांच्याकडे जाऊन बसले आणि दोघी मिळून टीव्ही बघत राहिलो.

नवा फिल्टर दिवाळीनंतर आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शलाका स्वतः ओवीला घेऊन आली, दोन दिवस राहिली आणि पोरीला काकूंकडे ठेवून एकटी परत गेली. माझा विश्वासच बसेना. जी बाई पोरीला शेजारणीकडेही सोडत नाही, ती हिला कुडव्यात, राखेच्या शेजारी ठेवून गेली! त्यानंतर दर उन्हाळ्यात ओवी यायची. पोरगी थोडी खोकली तरी काकू पुण्याला फोन करून सांगायच्या, आणि विनोद वैतागायचा की आई, एवढं तेवढंही काय सांगतेस.

या वर्षी काकू गेल्या. झोपेतच. तेरवीला मांडव आवरल्यावर शलाका माझ्याकडे येऊन बसली. रडून रडून चेहरा सुजला होता. ती म्हणाली, "माझी आई म्हणते, ओवी अगदी छान आहे, काळजी करू नकोस. विनोदही तेच म्हणतो. सगळेच म्हणतात, मला बरं वाटावं म्हणून. या एकट्या म्हणाल्या होत्या, आणू नको. म्हणून मी ओवीला इथे ठेवून पुण्यात शांत झोपायचे हो. आता कोणाजवळ ठेवू, सांगा."