बर्फात लपायचा सूट आणि आईंची नीळ

ससा पळाला. सकाळपासून तिसऱ्यांदा. बर्फात पालथा पडलेला कॅमेरामन अॅलन कंटाळून उठला. ऊन वर आल्यावर मी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि मनात म्हटलं, अगं बाई, हा तर ट्यूबलाइट उभा राहिला.

सूट मीच शिवलेला. मी कॉव्हेंट्रीत नाटकांचे कपडे शिवते. त्या हिवाळ्यात स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका फिल्मचं काम मिळालं होतं. थंडीत पांढरे होणारे डोंगरी ससे जवळून टिपायचे, त्यासाठी अॅलनला बर्फात गायब करायचं. नाटकवाल्या बाईला घेऊ, हे प्रोड्यूसर हेलननं बॉसला भांडून पटवलं होतं. आता उद्या शूटिंगचा शेवटचा दिवस. उद्याही ससा पळाला तर माझं पुढचं काम गेलं आणि हेलनचा शब्दही.

लोकांना वाटतं, पांढरी चादर पांघरली की बर्फात लपता येतं. पण बर्फ कुठे नुसता पांढरा असतो? सावलीत राखाडी, उन्हात पिवळसर, मधूनमधून दगड आणि करपलेली झुडपं. म्हणून मी मऊ सुती कापड घेतलं, कारण नायलॉन सळसळतं. ते कडक चहात बुडवलं. ही आमची स्टेजवरची जुनी युक्ती. कोरं पांढरं कापड दिव्यांखाली भगभगतं, म्हणून नर्सचा एप्रनसुद्धा आधी चहात जातो. मग खांद्यांवर आणि पाठीवर कॉफीचे वेडेवाकडे धब्बे, म्हणजे माणसाची आकृती तुटते. असा मळका, देखणा सूट!

अॅलनच्या अंगावर त्यातलं काहीच नव्हतं. ना चहा, ना धब्बे. होती ती निळसर झाक, आणि ती मला चांगली ओळखीची होती. निघायच्या घाईत आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातात दिलेली पिशवी मी न उघडताच आणली होती. अॅलननं सूट पहाटे व्हॅनमध्येच चढवला होता. मी घरी फोन लावला.

"आई, त्या सूटला तुम्ही काही केलंत का?"

"काही नाही गं. चहा-कॉफी सांडली होती ना त्यावर? ब्लीचमध्ये भिजवला, मग पुण्याची नीळ दिली. छान निघालाय ना?"

"छान निघालाय, आई. समोरच्या डोंगरावरून दिसतोय."

त्या खूश झाल्या.

दुपारी गेस्ट हाउसमधल्या सगळ्या टी-बॅग मी बाथटबमध्ये ओतल्या. हेलन दारात येऊन उभी राहिली. काय चाललंय, म्हणाली.

"चहा करतेय."

"कुणासाठी?"

"अॅलनसाठी."

मग मात्र सगळं खरं सांगितलं. पिशवी उघडून न बघणं ही माझी चूक, हेही. ती खाली गेली आणि किचनमधून कॉफीचा डबा घेऊन आली. धब्बे आम्ही दोघींनी मिळून मारले. रेडिएटरवर सूट वाळवला. ट्रायपॉडच्या काळ्या पायांना मळकं बँडेज गुंडाळलं.

सकाळी अॅलन उतारावर गेला, आडवा झाला आणि गायब झाला. माझ्याच हातचा सूट, पण मला सापडेना. तासाभरानं एक ससा आला. अॅलनच्या कोपरापासून हातभर अंतरावर बसला आणि पुढच्या पायांनी निवांत तोंड पुसायला लागला. शेजारी हेलननं माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. पुढच्या फिल्मसाठी तिचा फोन आठवड्याभरात आला.

तेव्हापासून दोन नियम पाळते. बर्फात लपायचं तर थोडं मळकं राहायचं. आणि पिशवी घेताना उघडून बघायची. पुढच्या सूटवर तर मी मराठीत चिठ्ठीच टाचली: डाग मुद्दाम पाडले आहेत, धुऊ नये.

आईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"बरं," म्हणाल्या, "मग नुसती कॉलर धुते."