पडद्यावर भाजलेला माझा गळा

"थायरॉइडची गाठ आहे. कॅन्सर नाही, पण श्वासनळीवर दाबतेय," डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या. मला फक्त कॅन्सर ऐकू आलं. 'नाही' शिवानं बाहेर आल्यावर सांगितलं.

शिवा महाळुंगे पडवळचा, मी पिंपरी पेंढारचा. दोघं हैदराबादला एकाच भाजीच्या गाळ्यावर कामाला. सातवीत शाळा सुटली माझी. पण यात्रांना गावी जाऊन बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे धावपट्टीपाशी, माइकवर पुकारतो. माणसं मला आवाजावरूनच ओळखतात.

थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी. बाईंनी लेझर अ‍ॅब्लेशन सुचवलं, म्हणजे सुईतून बारीक तार घालून गाठ आतल्या आत जाळायची. जाळायची!

पुढच्या भेटीत कॉम्प्युटरवर माझाच गळा दिसला. लाल ठिपका पसरत गेला आणि मागच्या पिवळ्या रेघेला टेकला.

"ही आवाजाची नस. इथं ती भाजली," बाई म्हणाल्या.

मी गळाच धरला. "आरं, मला न इचारता केलं बी?"

शिवाही पांढराफटक. बाई हसल्या, मग नीट समजावलं. हे सिम्युलेशन, लुटुपुटूचं ऑपरेशन. मांस किती तापेल, वाहतं रक्त किती उष्णता ओढून नेईल, त्याचं गणित. "पडद्यावर भाजून बघते, म्हणजे टेबलावर भाजणार नाही." त्यांनी पडद्यावरची सुई रेघेपासून दूर सरकवली. डाग रेघेअलीकडं थांबला. गाठीचा मागचा तुकडा मात्र तसाच राहणार होता.

"आवाज गेला तर यात्रेत लोकांच्या कानाला आराम, राव," शिवा म्हणाला. त्याचाच आवाज कापत होता.

ऑपरेशनला फक्त गळा बधिर केला. आवाज बदलला की थांबता यावं म्हणून बाई म्हणाल्या, "बोलते रहिए." काय बोलू? तोंडात आलं तेच पुकारलं. "गाडा सुटला! झाली, झाली, भिर्रर्र..." आणि आवाज चिरकला.

बाईंनी लेझर बंद केलं. नस निवावी म्हणून सुईतून तिच्याजवळ गार पाणी सोडलं. "अहो, बोला म्हटलं, ओरडा नाही! गळा हलणार नाही असं धरून गणित केलंय."

मी तोंड उघडलं. नुसती हवा. गेला, असंच वाटलं. लई वेळानं घोगरं "बाई" फुटलं. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला.

ज्यांना असलं चित्र दाखवतील त्यांनी घाबरून उठू नये. लाल कुठं थांबणार, ते विचारावं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. गाठीचा तुकडा अजून आहे. राहू दे.

घरी काहीच कळवलं नव्हतं. दवाखान्यातून सोडल्यावर शिवाच्या मोबाइलवरून आईला फोन लावला. नंबर तिला अनोळखी.

"आई," एवढंच म्हणालो.

"बोल रं बाळा," ती म्हणाली, "जेवलास का?"