डोमाभाऊंचा उसना विस्तव

आमचं बिऱ्हाड बैलबंडीतून उतरून जेमतेम तास झाला होता. मी नवी चूल पेटवून चहाचं आधण ठेवलं. धूर कौलांतून बाहेर पडतो न पडतो तोच दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला फडकं, हातात फुटक्या मडक्याचं खापर.

"बाई, इस्तो द्या," तो म्हणाला.

शेजाऱ्यांची काही अडचण असेल म्हणून मी दोन निखारे घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खापर. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "भाऊ, तुमच्याकडे काडीपेटी नाही का?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गावात इस्तो जळूनच राह्यला, बाई. मंग नवी काडी कायले ओढाची?"

हे डोमाभाऊ. गोष्ट पन्नासच्या दशकातली. गाव गडचिरोलीच्या अलीकडचं, अगदी रस्त्यालगतचं. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. माझे यजमान जंगल खात्याच्या नाक्यावर नाकेदार होते. मी वरोऱ्याची, म्हणजे रेल्वेच्या गावची. तेव्हा आपण फार शहाण्या, असं मला वाटायचं.

डोमाभाऊ कंजूष होते असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. विस्तव न्यायला ते नुसतं खापर घेऊन येत, पण नंतर कधी तलावातले चार मासे, कधी मूठभर मोहफुलं आणून देत. त्यांचा राग माणसांवर नव्हता, दुबार खर्चावर होता. गावात जी गोष्ट एकदा होते आहे ती दुसऱ्यांदा करणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध उधळपट्टी. म्हणून त्यांनी कोंबडा पाळला नव्हता, शेजाऱ्याचा आरवायचाच. घरात दिवा नव्हता. शेजाऱ्याच्या कंदिलाचा उजेड यावा म्हणून त्यांनी मधल्या भिंतीला भोक पाडलं होतं. शेजारी सत्यनारायण असला की हे नवराबायको आंघोळ करून भिंतीच्या अलीकडे पाटावर हात जोडून बसत. मी हसले तर म्हणाले, "कथेले भिंत आडवी येते काय? प्रसाद तेवढा भोकातून द्या म्हणा." आणि प्रसाद खरोखरच भोकातून येत असे.

या सगळ्यात हाल व्हायचे ते भागाबाईचे. ही डोमाभाऊंची बायको मूळची सिरोंच्याची, म्हणजे पार दक्षिणेच्या टोकाच्या तेलुगू मुलखातली. तिचे वडील लाकडाच्या गाड्यांबरोबर आमच्या भागात येत, त्यातून ही सोयरीक जमली होती. वडील गेले, आई तिकडे एकटी, थकलेली. डोळ्यांनी दिसेनासं झालं आहे, असा निरोपही आला होता. लग्नानंतर भागाबाई एकदाही माहेरी गेली नव्हती. विषय काढला की डोमाभाऊ शांतपणे म्हणत, "कोनी जाऊन राह्यलं का तिकडं? कोनी निंगालं का सांग, त्याच्या बंडीत बसवून देतो. रिकामी बंडी येवढ्या दूर कायले हाकाची?" आमच्या गावातून सिरोंच्याला कोण कशाला जाईल? ती वाट पाहत राहिली. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि तो मी बोलूनही दाखवायची. ते मान डोलवत आणि निखारे घेऊन जात.

गंमत अशी, की हळूहळू सगळ्या गावाला हे पटलं. काड्या ओढणं बंद झालं. काडीपेट्या पडून पडून सादळतात म्हणून दुकानदारानंही त्या ठेवणं सोडलं. सकाळी ज्याची चूल जिवंत असेल त्याच्याकडे सगळी खापरं जात. आमचे यजमान तर या काटकसरीवर इतके खूश, की त्यांनी शेवटची काडीपेटी संपल्यावर नवी आणलीच नाही.

मग डोमाभाऊंची गावातली मावशी वारली. त्याच सुमारास तिच्या शेजारच्या पाटलांची आईही गेली. दोन्ही म्हाताऱ्यांनी कुंपणावरच्या वालाच्या वेलावरून भांडून जन्मभर एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. डोमाभाऊंनी दोघींची तेरवी एकाच पंगतीत उरकायचं ठरवलं. तिथी जुळत नव्हती, तर म्हणाले, "मावशी थांबन दोन दिवस. तिले कुठी जाची घाई हाय?"

सगळं गाव पंगतीला. साहजिकच त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटली नाही. सकाळी पंगतीच्या अंगणातल्या मोठ्या चुलवणातून विस्तव आणू, असं प्रत्येकानं गृहीत धरलं होतं. पंगती उठल्यावर डोमाभाऊंनी त्याच चुलवणात घागर ओतली. अर्धी लाकडं वाचवली होती ना!

सकाळी गावात एकही निखारा नव्हता. बाया खापरं घेऊन या घरून त्या घरी फिरू लागल्या. एका म्हाताऱ्याकडे चकमक निघाली, पण तिचा कापूस दवानं ओला. पोरं दुधासाठी रडत होती. शेवटी आम्ही सगळ्याजणी खापरं घेऊन रांगेनं नाक्यावर निघालो. तिथेही यजमान थंड राखेसमोर बसलेले.

तेवढ्यात लाकडं भरायला निघालेला रिकामा ट्रक नाक्यावर थांबला. ड्रायव्हर खिशातून काडीपेटी काढून विडी पेटवू लागला, तशी आमची अख्खी रांग त्याच्यावर तुटून पडली. बिचारा घाबरून मागे सरला. नाक्यावर जाळ झाला, खापरं भरली. पुढच्या बाकावर ड्रायव्हरची बायको लेकराला घेऊन बसली होती. भागाबाईनं तिला विचारलं, "कुठी चालले?"

"सिरोंच्याले."

भागाबाईनं आपलं खापर माझ्या हातात दिलं. "धरा, बाई. त्याहीले सांगा, गाडी जाऊनच राह्यली होती." आणि नेसत्या लुगड्यानिशी ती चढून बसली.

मी दोन्ही हातांत दोन खापरं घेऊन डोमाभाऊंना ही बातमी दिली. त्यांनी आपलं खापर माझ्या हातून घेतलं. मग म्हणाले, "भाडं?"

"काही नाही घेतलं."

"बराबर केलं तिनं," ते म्हणाले, आणि ओट्यावर बसले. निखारे विझेपर्यंत तिथेच बसून होते.

आता ते सिरोंच्याहून कोणी येतंय का, याची वाट पाहू लागले. रोज नाक्यावर येत. ट्रक येत ते लाकडांनी भरलेले, भागाबाई काही येईना. भिंतीच्या भोकातून शेजारीण भाकरी देई, तीही तशीच राही. एका सकाळी नाक्यावरून त्यांची बंडी गेली. रिकामी. यजमानांनी विचारलं, "कुठी, भाऊ?" त्यांनी बैल पुढे हाकले. बंडी खडखडत होती, आणि सदऱ्याच्या खिशात गडचिरोलीहून मुद्दाम आणवलेली नवी काडीपेटीही खडखडत होती.

पुढचं भागाबाईनं सांगितलं. कितीतरी दिवसांनी ते धुळीनं माखून दारात उभे राहिले. आंधळ्या सासूनं तेलुगूत विचारलं, कोण आलं? डोमाभाऊ मान खाली घालून बायकोला म्हणाले, "इकडं कोनीच येऊन राह्यलं नोव्हतं. म्हून मीच आलो."

सासूचा शेवट होईपर्यंत ते तिथेच राहिले. मग दोघं परतली.

बऱ्याच वर्षांनी डोमाभाऊ गेले. बैलांना पाणी दाखवून ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. अंगणात माणसं जमली आणि भागाबाई माझ्या दारात आली, हातात खापर. "बाई, इस्तो द्या."

परक्या चुलीचा विस्तव मर्तिकाला देत नाहीत, असं मागून कुणी तरी कुजबुजलं. मीही चपापले. "अगं, घरात काडीपेटी आहे ना?"

"हाय ना. पन काडी ओढली तं ते उठून बसतीन," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांना धार लागली होती. "साऱ्या जन्मात एकटे दोनदाच निंगाले, बाई. एकदा माह्यासाठी, अन आता."

मी चुलीत होते नव्हते तेवढे सगळे निखारे तिच्या खापरात भरले.