दुसऱ्या इंजिनाचं कार्ड

माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक पिवळं पडलेलं कार्ड चिकटवलेलं आहे. गेल्या सुट्टीत तुम्ही दोघांनी ते पाहिलंत आणि विचारलंत, की आजी, इतकं नीट अक्षर आणि मधेच ही लाल काट कशाला? तेव्हा तुमच्या बॅगा भरायची गडबड होती, म्हणून राहून गेलं. आता सांगते.

साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि पुण्याहून येऊन आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममध्ये एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुमचे आजोबा एका सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण कन्नड येत नाही म्हणून प्रत्येक शाळेने नाही म्हटलेली. शेवटी हेब्बाळच्या पलीकडे एका शाळेला इंग्रजी शिकवायला बाई हवी होती, तिथे माझी निवड झाली. मुख्याध्यापिका मोजकं बोलणाऱ्या होत्या.

"सोमवारी पावणेआठला फाटकाशी या. तुमच्या आधी दोघी लांब पडतं म्हणून सोडून गेल्या. तुम्हाला उशीर झाला तर तिसरीही गेली असं समजेन."

त्या बाजूची पहिली बस तिथे साडेआठला पोचायची. म्हणजे मोटरसायकलशिवाय इलाज नव्हता. मला शाळेत सोडून आजोबा पुढे कारखान्यात जाणार, असं ठरलं. अडचण एकच होती. मोटरसायकल धड चालत नव्हती.

महिन्यापूर्वी तिचं इंजिन चालता चालता जाम झालं होतं. पिस्टन गेला, सिलिंडरही गेला. आजोबांनी जुन्या मिलिटरी मालाच्या एका व्यापाऱ्याकडून त्याच कंपनीचं दुसरं इंजिन शोधून आणलं. दिसायला हुबेहूब. बसवताना एकही बोल्ट अडला नाही, म्हणून ते फार खुशीत होते. पण किक मारली की लिव्हर उलट फिरून नडगीवर बसायचा. सुरू झालंच तर कार्बोरेटरमधून खाकरायचं, आणि चढावर आत कुणी पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय असा आवाज यायचा. हेब्बाळच्या अलीकडच्या चढावर तर ते अगदी गळून जायचं.

घरमालक पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला राहिलेल्या मराठी घराण्यातले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते रोज संध्याकाळी अंगणात येऊन उभे राहायचे.

"काय ओ इंजिनीअर, गाडीला खोकला झालाय की! स्वल्प कषाय पाजा."

"अण्णा, काढा तुम्हीच करून आणा. पाजतो," आजोबा खाली मान घालूनच म्हणायचे.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी एका बैठकीत प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, त्यातली सुई वर घेतली आणि टाकीतलं पेट्रोलही बदललं. गाडी आणखी बिघडली. कशामुळे, ते त्यांना सांगता येईना. मी दारात उभी राहून पाहत होते. सोमवारला चार दिवस उरले होते आणि ती नोकरी सोडायची माझी तयारी नव्हती.

"अहो, सगळं होतं तसं करा," मी म्हटलं. "आता एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली की चढावर फेरी मारून या आणि काय झालं ते सांगा. मी लिहून ठेवते."

"अगं, ही गाडी आहे. व्याकरणाची वही नाही."

"म्हणूनच म्हणतेय. व्याकरणात चुकलं तर नडगीवर बसत नाही."

ते हसले आणि कामाला लागले. शुक्रवारी संध्याकाळी दोन फेऱ्या झाल्या, शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी म्हणून तीन. पहिल्या फेरीत नवा प्लग, फरक नाही. दुसरीत कार्बोरेटरची सुई एक घर वर, तिसरीत एक घर खाली. चौथ्या फेरीआधी कार्बोरेटरच्या जोडावर तेलाचे थेंब सोडून पाहिले. हवा शिरत असती तर आवाज बदलला असता, तो बदलला नाही. पाचवीत पुन्हा जुना प्लग. आजोबा घामाघूम होऊन सांगायचे आणि मी पायरीवर बसून शब्द न् शब्द लिहून घ्यायची.

शनिवारी चहाच्या वेळी मी ती पाचही टिपणं ओळीने वाचली. प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य होतं: चढावर ठिणगीचा लिव्हर मागे घेतला, मग वर गेली. त्या काळच्या मोटरसायकलींना हँडलवर एक छोटा लिव्हर असायचा. इंजिनात ठिणगी थोडी लवकर पाडायची की उशिरा, ते त्याने ठरवता यायचं; मागे घेतला की उशिरा. आजोबांनी ते जाता जाता सांगितलं होतं आणि मी सगळंच लिहीत होते, म्हणून तेही लिहिलं गेलं होतं.

"अहो, हे पाचही वेळा आहे."

"असणारच. चढाला थोडा मागे घेतातच."

"जुन्या इंजिनाला इतका घ्यायचात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "नाही."

"मग ठिणगीच मुळात लवकर पडत असेल."

"कशी पडेल? मी कार्डावरून लावलीय. आणि कार्ड तुझं आहे."

लग्नानंतर मोटरसायकलचं इंग्रजी माहितीपुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि त्यातली महत्त्वाची मापं मराठीत एका कार्डावर लिहून ते हत्यारांच्या पेटीवर खिळ्याला अडकवलं होतं. तेव्हापासून त्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं. कार्डावर लिहिलं होतं: पिस्टन माथ्याला पोचण्याआधी चार सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांनी नवं इंजिन बरोबर चार सुतांवर लावलं होतं.

मी ट्रंकेतून पुस्तक काढलं. मापांच्या त्या तक्त्यात दोन रकाने होते. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की इंजिनाच्या नंबरातलं पहिलं अक्षर पाहून रकाना निवडावा. तीन वर्षांपूर्वी मी ते अक्षर पाहिलं होतं, आपला रकाना निवडला होता आणि तेवढाच उतरवला होता. ती ओळ मात्र गाळली होती. कार्डावर गर्दी दिसू नये म्हणून!

आम्ही दोघं अंगणात गेलो. नव्या इंजिनाच्या नंबरावर हिरव्या रंगाचे थर होते. रॉकेलच्या चिंधीने मी ते घासून काढले. अक्षर वेगळं निघालं. त्या अक्षराच्या रकान्यात तीन सूत होतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"अक्षर इतकं छान होतं," आजोबा म्हणाले, "शंका कशी घेणार?"

रविवारी सकाळी आम्ही ठिणगी नव्याने लावली. प्लग काढून त्या भोकातून मी माझी विणायची सुई पिस्टनवर टेकवून धरली. सुईवर दोन खुणा, मधे तीन सूत अंतर. आजोबांनी मागचं चाक हळूहळू उलटं फिरवून पिस्टन माथ्यावरून दुसऱ्या खुणेपर्यंत खाली आणला. मग ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या टोकांमध्ये पातळ कागद हवा होता. टोकं उघडली की कागद सुटतो आणि नेमकी जागा कळते. माझ्या बांगड्यांना सोनाराने गुंडाळलेला गुलाबी कागद उपयोगी पडला. एका हातात सुई, दुसऱ्या हातात कागद, अशी मी वाकून उभी असताना अण्णा आलेच.

"अक्का, इंजिनाला स्वेटर विणताय काय?"

"अण्णा, स्वल्प गप्प राहा. माप हलेल."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत ते पायरीवर बसले आणि खरंच गप्प राहिले.

पहिल्यांदा नट आवळताना माप सरकलं. दुसऱ्यांदाही सरकलं. तिसऱ्यांदा कागद अगदी खुणेवर सुटला. मी दोनदा तपासलं, मग हो म्हटलं.

किक मारल्यावर लिव्हर उलटा आला नाही. मी मागे बसले, कारण सोमवारी मागे मीच असणार होते, वजन तेच हवं होतं. हेब्बाळच्या चढावर डब्यातले खडे वाजले नाहीत. निम्म्या चढावर आजोबांनी डावा हात हँडलवरून उचलून उंच धरला. ठिणगीच्या लिव्हरला हात लावलेला नाही, हे त्यांना मला दाखवायचं होतं. "हात खाली घ्या, समोर बैलगाडी आहे," मी ओरडले.

घरी आल्यावर मी कार्डावरचे चार सूत लाल शाईने काटले, तीन लिहिले आणि गाळलेली ती ओळ खाली दाटीवाटीने बसवली.

सोमवारी आठला वीस मिनिटं कमी असताना आम्ही फाटकाशी होतो. मुख्याध्यापिकांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. रात्री आणि सकाळी घासूनही नखांतलं काळं निघालं नव्हतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"ग्रीस. गाडी दुरुस्त करत होतो."

त्यांनी फाटकाचं दार स्वतः उघडलं.

"सातवीचा वर्ग डावीकडे," त्या म्हणाल्या. "खडू टेबलावर आहेत."