आज शेरूला मीच बांधलं

मैत्रिणींनो, मेंदूज्वरातून उठले, पण झटके येतातच. झटका यायच्या आधी माझा कुत्रा शेरू नाकाने माझा गुडघा ढकलतो आणि मी लगेच जमिनीवर आडवी होते. सहा महिने शिकवलंय त्याला.

आज आमच्या पिपरी मेघेच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सासूबाई म्हणाल्या, "सोवळ्यातला सयपाक आहे, त्याले मांगं बांधून ठेवजो." मी बांधलं.

वडे तळताना तो मागे जिवाच्या आकांताने भुंकायला लागला.

"काऊन भुकून राह्यला तो?" नणंदेने विचारलं.

मला कळलं होतं. पण नैवेद्य थांबला होता. म्हटलं, एवढा घाणा काढते आणि होते आडवी.

डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होते आणि वर ओट्यावर तेलाची कढई कडकडत होती. तुटलेल्या दोरीसकट शेरू मला चिकटून बसला होता. त्याची मान सोलली होती. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातून त्याला कोणीच हाकलत नव्हतं.

भीती याची वाटते, की कळूनही मी थांबले नाही. तुमचंही असं होतं का गं?

हे लिहितेय आणि शेरू उठलाय. गुडघ्याला नाक लावतोय.

एवढी पोस्ट टाकते आणि होते आडवी.