शोकेसात न मावणारं कॅबिनेट

राग आला की मी बोलत नाही, भांडी घासते. या वेळी सगळी भांडी लख्ख झाली तरी राग गेला नाही, म्हणून लिहून काढते आहे. शाळा चौथीतच सुटली, पण लिहायची सवय मी मोडू दिली नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे मनात आहे तसं लिहिते.

माझी मुलगी घरात बसून लोकांना घरं दाखवते. अजून बांधलेलीच नाहीत अशी घरं. इंजिनिअर नकाशा पाठवतात आणि ती कॉम्प्युटरवर त्याचं हुबेहूब घर उभं करते. भिंतींना रंग, खिडकीत ऊन, सगळं. मग त्या घरातून फिरत असल्यासारखी फिल्म बनवते आणि स्वतःच्या आवाजात सांगते, "हा तुमचा हॉल, इथून डावीकडं स्वयंपाकघर." सांगलीत तिनं याचा कोर्स केला. तिच्या मैत्रिणी पुण्याला ऑफिसात हेच काम करतात. हिला गावात राहून करायचं होतं. कवठे महांकाळच्या पलीकडं, जतच्या अंगाला आमचं गाव. इथं बसून असलं काम होतं, हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. आणि मला तर ती घरात हवी होती, खोटं कशाला लिहू.

पण असली फिल्म बनवताना कॉम्प्युटर फार तापतो. आणि तापला की आतले पंखे ओरडायला लागतात. एकदा साताऱ्याच्या इंजिनिअरनं फिल्म बघून फोन केला, "मॅडम, घर छान झालंय, पण मागं पिठाची गिरणी कशाला चालू ठेवली?" तिनं हसून माफी मागितली. फोन ठेवल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं.

तो तेवढा का तापायचा, ते आता सांगते. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, एक शोकेस आहे. थोरले दीर फौजेतून सुटून आले तेव्हा त्यांनी ती सुताराकडून करून घेतली, पुढं सरकत्या काचा. आत त्यांची पदकं, पलटणीची ट्रॉफी, काश्मीरहून आणलेली लाकडी नाव. पाहुणा आला की आधी शोकेस, मग चहा. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा दिरांनी मधल्या कप्प्यातल्या बाहुल्या काढल्या आणि कॉम्प्युटरचा डबा तिथं ठेवला. पोरीनं बाहेर टेबलावर बसून काम करायचं आणि डबा काचेआड. कुणी तिला विचारलं नाही, कुठं ठेवू म्हणून.

"एवढी भारी वस्तू हाय, उघड्यावर ठेवायची व्हय?" दीर म्हणाले. "धूळ बसंल."

ती कामाला बसली की काच सरकवून ठेवायची. दीर येता-जाता ती लावून टाकायचे. शेवटी तिनं सांगितलं, "काका, त्याला हवा लागती."

"त्याच्या आत पंखा हाय की सवताचा!"

आतला पंखा आतलीच तापलेली हवा फिरवणार, दुसरं काय करणार? पण मला राग याचा आला नाही. ज्याला माहीत नाही त्याचा राग कशाला? मला राग याचा आला, की हे बोलणारा माणूस बेदाण्याचं शेड चालवतो. आमच्या भागात द्राक्षं वाळवायची शेडं असतात. भिंती नाहीत, चारी बाजूंनी नुसतं हिरवं नेट, आणि आत तारेच्या जाळीचे कप्पे एकावर एक. त्यावर द्राक्षं पसरायची. वारा एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं निघून गेला पाहिजे, नाहीतर माल काळा पडतो. मी दर हंगामाला तिथं बेदाणा निवडायला असते. एखाद्या बाईनं रिकामी क्रेट नेटला टेकवून ठेवली, तर दीर लांबून ओरडतात, "वारा अडवू नगा गं!" क्रेटीनं अडणारा वारा ज्यांना दिसतो, त्यांना काचेनं अडणारा वारा दिसत नाही? दिसतो. पण ते शेड त्यांचं आहे आणि काम पोरीचं आहे, एवढाच फरक.

ऐन उन्हाळ्यात साताऱ्याच्या त्या इंजिनिअरकडून महाबळेश्वरच्या एका हॉटेलचं काम आलं. तिनं आजवर केलेल्या कामांपेक्षा मोठं. काम निम्म्यावर आलं आणि भर दुपारी कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. मी काच सरकवली आणि डब्याला हात लावला, तर तव्याला लागल्यासारखा चटका बसला. इंजिनिअर म्हणाला, "या वेळी थांबतो मॅडम. पण परत असं झालं तर मला काम पुण्याला द्यावं लागेल."

संध्याकाळी जेवताना दीर म्हणाले, "झेपत न्हाई म्हणावं, मशीनचं नाव कशाला सांगती?"

पोरीनं ताटातला हात काढला. नंतर चुलीपाशी येऊन मला म्हणाली, "आई, हे काम गेलं तर मी पुण्याला जाते. घरात होत न्हाई, म्हणायचं आन् जायाचं."

मी भांडी घासायला घेतली.

तिनं सांगलीच्या दुकानदाराला फोन करून सगळं विचारून घेतलं. कॉम्प्युटरच्या त्या बाहेरच्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. आतलं सगळं धड होतं, कॅबिनेट तेवढं बारकं आणि चोहीकडून बंद. पुढून जाळी असलेलं, मोठ्या पंख्यांचं मोठं कॅबिनेट घ्यायचं आणि आतलं सामान त्यात बसवायचं, असं ठरलं. पैसे तिच्या स्वतःच्या कमाईचे होते. तरी दीर म्हणाले, "मी येतो. पोरीबाळींना दुकानदार गुंडाळत्यात." मग जुना डबा उचलून मीही पोरीबरोबर जायचं ठरवलं. निघताना दिरांनी काय करावं? शोकेसचा मधला कप्पा सुतळीनं मोजला, गाठी मारल्या आणि सुतळी खिशात घातली.

इथं एक सांगायला पाहिजे. थोरल्या दिरांशी मी समोरासमोर बोलत नाही. आमच्यात ती रीत आहे, आणि माझा स्वभावही तसाच, त्यामुळे मला ती कधी जड गेली नाही. मी पोरीला म्हणायचं, "काकांना सांग, ताट वाढलंय." त्यांनी म्हणायचं, "आईला सांग, येतोय." ताट दोघांच्या मधे असतं आणि आम्ही पोरीकडं बघून बोलतो. लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीशी कॅबिनेटं मांडलेली. दीर आत शिरले ते एका कॅबिनेटपुढं थांबलेच. पुढून सबंध काच, आत लाल, निळ्या, हिरव्या लायटी रंग बदलत फिरताहेत. सुतळी काढली, उंची मोजली, रुंदी मोजली. गाठीला गाठ बसली.

"हेच! शोकेससाठी केल्यागत हाय."

"काका, याला पुढनं हवा जायाला जागाच न्हाई," पोरगी म्हणाली.

"लायटी बघ की! पाव्हणं बघतच ऱ्हातील."

"मला पाव्हण्यांना दाखवायचं न्हाई, काम करायचंय."

तिनं कोपऱ्यातलं मोठं कॅबिनेट दाखवलं. काळं, माझ्या गुडघ्याच्या वर येणारं, लायटी नाहीत, पुढची सगळी बाजू बारीक जाळीची.

"हे?" दीर म्हणाले. "हे तर कोंबड्यांचं खुराडं हाय!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. पोरीचे कान लाल झाले. दुकानदार मात्र भला होता. त्यानं दोन्ही चालू करून दाखवली. काचेचं लगेच डासासारखं गुणगुणायला लागलं. मोठं चालू झालं हे मला कळलंच नाही. मी त्याच्या मागं उभी होते, माझा पदर हलायला लागला, तेव्हा कळलं.

"याचे पंखे मोठे आहेत," दुकानदार म्हणाला. "सावकाश फिरले तरी भरपूर हवा ओढतात. बारक्या पंख्यांना तेवढ्याच हवेसाठी जोरात पळावं लागतं, म्हणून ते ओरडतात."

"आन् जाळीतनं धूळ जाईल त्याचं काय?"

"आत बारीक फिल्टर आहे, काका. अधूनमधून काढून झटकायचा."

"आमच्याकडची धूळ तुमी बघितली न्हाई. आन् हे धूड शोकेसात बसवायचं कसं?"

"शोकेसात?" दुकानदारानं पोरीकडं बघितलं. "ताई, तुम्ही कॉम्प्युटर शोकेसात ठेवता?"

तिनं मान खाली घातली. काच लावणारा दुसराच, आणि मान हिची खाली!

तेवढ्यात इंजिनिअरचा फोन आला म्हणून ती जिन्यात गेली. दिरांनी तेवढी संधी साधली. "काचेचंच पॅक करा. पोरीचं काय, रुसंल आन् ईल ताळ्यावर."

दुकानदार काचेचं उचलायला वाकला. मधे पोर नव्हती. मी कुणाकडं बघून बोलणार होते?

"ओ भाऊ, थांबा," मी दुकानदाराला म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ह्यांना इचारा, ह्यांच्या बेदाण्याच्या शेडला काच लावत्यात का."

दुकानदार वाकलेला तसाच राहिला. "काका, मावशी विचारतायत की—"

"ऐकलं मी! त्यांना सांगा, शेड येगळं आन् कॉम्प्युटर येगळा."

"त्यांना म्हणावं, वारा तोच हाय."

"त्यांना सांगा, हितं घराची शोभा असती."

"अहो, मी कुणाला काय सांगू?" दुकानदार सरळ उभा राहिला. "तुम्ही दोघं शेजारी शेजारी तर उभे आहात!"

गिऱ्हाइकं पुन्हा हसली. या वेळी मला लाज वाटली नाही. मी दिरांकडं तोंड केलं.

"आवं, पोर घर सोडून चाललीय," मी म्हटलं. "तिच्या कामाचं हाय, तिच्या कमाईचं हाय. तिला पायजे ते घेऊ द्या. तुमच्या शेडात येऊन कोण लुडबुड करतंय का?"

दीर माझ्याकडं बघतच राहिले. मग सुतळी बोटाला गुंडाळू लागले. "मी खाली चहाला जातो," एवढंच, तेही दुकानदाराला. जिन्यात पोरगी भेटली, तिच्या शेजारून तसेच तरातरा खाली उतरले.

ती आत आली. "काय झालं?"

"काही नाही, ताई," दुकानदार म्हणाला. "तुमचं मोठं घेतोय जोडायला."

नवं कॅबिनेट घेऊन आम्ही गावी आलो. आमचे मालक, पोरीचे वडील, साताऱ्याकडं एका कारखान्यात सुरक्षारक्षक आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

"दादांना उलट बोललीस म्हणं?"

"पहिल्यांदाच बोलले, त्यात उलट काय?"

"आगं, पण दुकानात? चार लोकांत?"

"मग घरात बोलू देता काय?"

मग म्हणाले, "बरं, पोरीचं काम चालू झालं का?" हे त्यांनी आधी विचारायला हवं होतं.

कॅबिनेट शोकेसात मावणार नव्हतंच. आम्ही दोघींनी आतली धान्याची खोली झाडली, ज्वारीची पोती भिंतीला लावली आणि मधे टेबल टाकलं. त्या खोलीत तसाही बाहेरचा आवाज येत नाही. कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढं ठेवलं, मागून हवा जायला. दुपारी बाहेर ऊन रटरटत होतं आणि आत ते काळं धूड गुपचूप चाललेलं. मी सारखी जाऊन हात लावून बघत होते. कोमट, बस्स. पोरगी म्हणाली, "आई, ते काय आजारी हाय का?"

हॉटेलची फिल्म पुरी झाली. मग तिनं आवाज भरला. मी दाराशी बसून ऐकत होते. "ही तुमची बाल्कनी, समोर दरी." दुसरं काही ऐकू येत नव्हतं. फिल्म गेली, इंजिनिअरला पसंत पडली आणि कऱ्हाडच्या एका बंगल्याचा नकाशा आला. पुण्याला जायचं नाव तिनं नंतर काढलं नाही.

आता भांडी कशासाठी घासली ते लिहिते. काल दिरांकडं त्यांच्या पलटणीतला एक जोडीदार आला होता. दीर त्याला थेट धान्याच्या खोलीत घेऊन आले. "हे बघ! आमी सांगलीस्नं आणलं. पुढनं जाळीचंच घ्यायचं असतं, गड्या. शेडासारखं. काचेचं घेत्यात ती येडी." मी दाराआड उभी होते. शेडाची गोष्टसुद्धा त्यांचीच झाली! मी आत जाणार तोच पोरगी खुर्चीवरून म्हणाली, "काका, आवाज भरायचाय. बोलायचं आसंल तर भायेर बोला."

आणि दीर बाहेर गेले. जोडीदाराच्या खांद्याला धरून, दुसऱ्या हातानं त्याला गप्प करत, पाय न वाजवता. दार हळूच ओढून घेतलं.

रात्री मी पोरीला म्हटलं, "तू त्यांना सांगायचं हुतंस, कुणी निवडलं ते."

"जाऊ दे गं आई. काम तर टिकलं."

काम टिकलं, ती घरात राहिली, हे खरं आहे. काकांच्या बढाईचं तिला हसू येतं, मला येत नाही.