लिंबाखालचं पेव

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. मशीन बंद पडलं तर आधी प्लग बघावा, एवढंच माझं तत्त्वज्ञान. पण ही एक गोष्ट आतल्या आत सलते... म्हणून लिहितोय.

अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा. सांगलीजवळ हरिपूरला एका हळद व्यापाऱ्यानं मला बोलावलं. तिथं हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवतात. पेव उघडलं की आतली कोंडलेली विषारी हवा दिवसभर जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. पण शेटनी डॉसच्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट केली, कुठलं पेव कधी उघडलं ते त्यात दिसायला लागलं आणि कंदील गेला खुंटीवर!

माझं काम म्हणजे ती जुनी फाईल नव्या मशीनवर उघडून देणं. आधी तारखांच्या जागी भलतेच आकडे आले, रकान्यांत नुसत्या फुल्या. कटकट, पण रोजचीच. फॉरमॅट बदलले, रकाने रुंद केले, सगळं जुळलं... एक ओळ सोडून. लिंबाखालचं पेव जुन्या मशीनवर ‘ओपन’, नव्यावर ‘क्लोज्ड’.

हातानं ‘ओपन’ टाइप केलं, सेव्ह केलं. परत उघडली – ‘क्लोज्ड’! फ्लॉपी बदलली, व्हायरस तपासला, फाईल नव्यानं कॉपी केली. तेच. राग आला हो मला.

“शेट, लिंबाखालचं पेव बंद दाखवतंय.”

“आवं, कालच उघडलंय. जुन्यावर बरोबर हाय न्हवं? तुमचं मशीन नीट करा.”

खिडकीबाहेर तानाजी हमाल पेवात उतरायला कमरेला दोर बांधत होता. सकाळी त्यानंच मला चहा आणून दिला होता. तो हसला. “सायेब, तुमच्या डब्याला हाळदीचा वास तरी कळतो व्हय?”

मीही हसलो. दुसरं काय करणार? मलाच कळत नव्हतं.

थोड्या वेळानं बाहेर आरडाओरडा झाला. “वडा! दोर वडा रं!” मी धावलो. तानाजीला वर काढला, लिंबाच्या सावलीत निजवला, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं... काही उपयोग झाला नाही. मागाहून कळलं, पेव उघडलं होतं त्याच दिवशी सकाळी. उद्या उघडायचंच आहे म्हणून शेटच्या दिवाणजीनं आदल्या दिवशीच ‘ओपन’ भरून ठेवलं होतं.

माझी बॅग घ्यायला आत गेलो. फाईल पुन्हा उघडून बघितली. लिंबाखालचं पेव – ‘ओपन’. आता अगदी शहाण्यासारखं!

त्यानंतर कितीतरी मशीनवर ती उघडली. दरवेळी ‘ओपन’. जाणकारांना विचारलं, ते म्हणाले कन्व्हर्जनचा एरर असेल. मग नेमक्या त्याच ओळीत? आणि नेमका तेवढाच वेळ?

दिवसपाण्याला गेलो होतो. तानाजीची बायको माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाही.

“दादा, तुमच्या मशीनला कळलं हुतं म्हणत्यात. मग तुमाला कसं न्हाई कळलं?”